नेतृत्व शिकवता येतं का? अभिजात ग्रंथ, एक मार्गदर्शक आणि खुणांनी भरलेला कागद

टीपकागद

नेतृत्वाचं शिक्षण म्हटलं की हल्ली दोन दिवसांची कार्यशाळा, पडद्यावरचे तक्ते आणि शेवटी प्रमाणपत्र एवढंच समोर येतं. मला इथे एका खूप जुन्या पद्धतीबद्दल बोलायचं आहे. एक जाणता माणूस, एक-दोन शिकणारे, मध्ये काळाच्या कसोटीला उतरलेला एखादा ग्रंथ, आणि वर्षानुवर्षं चालणारं वाचन, लेखन, वादविवाद. ज्यांच्यावर पुढे इतरांची जबाबदारी पडणार आहे अशी माणसं घडवण्याची ही रीत जगात ठिकठिकाणी रुजली होती. आज ती जवळजवळ मोडीत निघाली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कौटिल्यापासून सुरुवात करते. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात 'वृद्धसंयोग' नावाचा छोटासा अध्याय आहे. राजपुत्राने काय शिकावं याइतकंच कुणाकडून शिकावं हेही त्यात नेमकेपणाने सांगितलंय. तत्त्वविचार आणि वेदविद्या शिष्टांकडून. वार्ता, म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार, अध्यक्षांकडून, म्हणजे ती खाती रोज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांकडून. आणि दंडनीती, म्हणजे राज्यकारभार, ज्यांना तो समजावून सांगता येतो आणि ज्यांनी तो स्वतः केला आहे अशांकडून. दिवसाची आखणीही दिली आहे. पूर्वार्धात हत्ती, घोडे, रथ, शस्त्रं. उत्तरार्धात इतिहास ऐकायचा. उरलेल्या वेळात नवं शिकायचं, जुनं पक्कं करायचं, आणि जे समजलं नसेल ते पुन्हा पुन्हा ऐकायचं. न समजण्यालाही दिनक्रमात जागा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिकडे इ.स.पू. ३४३ च्या सुमारास मॅसिडोनियाच्या फिलिपने आपल्या १३ वर्षांच्या मुलासाठी, अलेक्झांडरसाठी, ॲरिस्टॉटल या तत्त्वज्ञाला बोलावून घेतलं आणि मिएझा या शांत जागी त्यांच्या शिकवणीची सोय करून दिली. ॲरिस्टॉटलने तपासून दिलेली इलियड या ग्रीक महाकाव्याची प्रत अलेक्झांडर मोहिमेवर उशाशी ठेवत असे, असं प्लुटार्क या प्राचीन चरित्रकाराने नोंदवलंय.

आणखी अलीकडे या. १७६२ मध्ये तरुण थॉमस जेफरसन व्हर्जिनियात जॉर्ज विथ या वकिलाकडे कायदा शिकायला गेला आणि जवळपास ५ वर्षं त्याच्याकडे शिकला. त्या काळी वकिलाच्या हाताखाली उमेदवारी म्हणजे बहुतेक वेळा दस्तऐवजांच्या नकला करत बसणं. विथ स्वतः ग्रीक-लॅटिनचा गाढा अभ्यासक. त्याच्याकडे उमेदवारी हे खरंखुरं शिक्षण होतं. १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर गुरू आणि शिष्य दोघांच्याही सह्या आहेत. पुढे सरन्यायाधीश झालेला जॉन मार्शलही विथच्याच वर्गात बसलेला.

पण माझ्या सगळ्यात जवळचं उदाहरण रानडे आणि गोखल्यांचं. रानडे १८४२ चे, गोखले १८६६ चे. गोखल्यांच्या विशीपासून ते १९०१ मध्ये रानडे जाईपर्यंत हे शिक्षण चाललं. त्याला ना वर्ग होता, ना परीक्षा. होतं ते काम: सार्वजनिक सभेचं त्रैमासिक, सरकारकडे पाठवायचे अर्ज, अंदाजपत्रकांतले आकडे. गोखल्यांनीच सांगितलेली एक आठवण आहे. खूप खपून तयार केलेल्या अर्जांना सरकारकडून दोन ओळींची त्रोटक पोच यायची. याचा उपयोग काय, असं त्यांनी रानड्यांना विचारलं. रानड्यांच्या उत्तराचा आशय असा: हे अर्ज नावापुरते सरकारला लिहिलेले असतात, खरे ते लोकांसाठी असतात, या विषयांवर विचार कसा करायचा हे लोकांना कळावं म्हणून, आणि दुसऱ्या कसल्याही फळाची अपेक्षा न धरता हे काम अनेक वर्षं करावं लागणार आहे.

विशीतल्या माणसाला हे उत्तर मिळणं म्हणजे काय, याचा विचार करा. व्याख्यानात हेच वाक्य ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरलं असतं. इथे ते स्वतःच्या हाताने लिहिलेल्या अर्जाच्या संदर्भात, नेमकं खट्टू झाल्याच्या क्षणी मिळालं. पुढे १८९७ मध्ये लंडनला, भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगासमोर, गोखल्यांची कसून उलटतपासणी झाली आणि ते ठामपणे उभे राहिले. त्या साक्षीमागे रानड्यांचं आणि आकडेशास्त्रात मुरलेल्या गणेश व्यंकटेश जोशींचं मार्गदर्शन होतं.

या सगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की मला एक धागा दिसतो. यशाचं श्रेय आपण कधी ग्रंथांच्या यादीला देतो, कधी गुरूच्या थोरवीला. माझ्या मते खरं काम करतो तो शिकणाऱ्याने लिहिलेला कागद. तो एका जाणत्या माणसाने बारकाईने वाचायचा, खुणा करून परत द्यायचा, आणि हे इतक्या वेळा व्हायचं की एक दिवस त्या खुणा शिकणाऱ्याला स्वतःलाच दिसू लागतात. त्यानंतर त्याच्या खांद्यावर खरी जबाबदारी टाकायची. अभिजात ग्रंथ यासाठी लागतो, कारण त्यातले पेच सोपे नसतात आणि त्यांची उत्तरं मागच्या पानावर छापलेली नसतात.

तुम्हाला काय वाटतं? आणि हे आजच्या काळात कसं जमवता येईल?

कानामात्रा

धागा काढल्याबद्दल मनापासून धन्यवाद. शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. मी काही वर्षं एका छोट्या वाचनगटाची मार्गदर्शक म्हणून काम करतेय, तेव्हा प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एका उदाहरणाने सांगते.

थुसिडिडीस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराच्या ग्रंथातला मिटिलीनीचा प्रसंग आम्ही नेहमी घेतो. इ.स.पू. ४२७. मिटिलीनी या शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं, ते मोडलं, आणि रागाच्या भरात अथेन्सच्या सभेने ठराव केला की तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करायचं आणि बायका-मुलांना गुलाम करायचं. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांना आपल्याच निर्णयाची धास्ती वाटली आणि सभा पुन्हा भरली. क्लिऑन म्हणाला, ठराव फिरवू नका. डिओडोटस म्हणाला, फिरवा. थोडक्या मतांनी डिओडोटस जिंकला. दुसरं जहाज सुटलं, वल्हवणाऱ्यांनी जागेवरच खाल्लं, पाळीपाळीने झोपले, आणि पहिल्या जहाजातला हुकूम अमलात यायच्या बेतात असताना ते पोहोचलं.

गोष्ट इतकी थरारक आहे की सगळे तिथेच रमतात. मग मी विचारते: डिओडोटसच्या भाषणात दयेचं आवाहन कुठे आहे, दाखवा. सगळे पानं उलटतात. सापडत नाही. तो उघड म्हणतो की प्रश्न मिटिलीनीच्या अपराधाचा नाही, आपल्या फायद्याचा आहे. इथे गटात शांतता पसरते, आणि माझ्या दृष्टीने खरा तास तिथे सुरू होतो.

घरी लिहायला प्रश्न असा देते: तुम्ही त्या सभेत आहात. तुम्हाला त्या माणसांची दया येते आणि तुम्हाला मतंही हवी आहेत. तुम्ही काय बोलाल? एका पानात.

एका मुलीने लिहून आणलेला मुद्दा मी कधी विसरणार नाही. तिचं म्हणणं, डिओडोटसने त्या दिवशी जीव वाचवले, पण लोकांना फायद्याच्याच भाषेत विचार करायची आणखी सवय लावली. आणि ११ वर्षांनी मेलोस बेटावर अथेन्सने त्याच भाषेत बोलून तिथले पुरुष मारले. मी तिच्या कागदावर एवढंच लिहिलं: "मग त्या दिवशी तू हरायला तयार होतीस का?" पुढच्या वेळी ती दुप्पट लिहून घेऊन आली.

नेतृत्वाच्या व्याख्या पाठ करून हा प्रश्न अंगाला भिडत नाही. मतं मिळवण्यासाठी वापरलेली भाषा आपल्याच लोकांना कशी घडवते, हे ज्याने विशीत एकदा पोटतिडकीने लिहिलंय, तो चाळिशीत सभेपुढे उभा राहताना वेगळा उभा राहील असा माझा विश्वास आहे.

आडवाट

लेख आणि वरचा प्रतिसाद, दोन्ही मन लावून वाचले. तरीही विरोधी बाजू मांडतो, कारण या पद्धतीबद्दल बोलताना तिची काळी बाजू हमखास गाळली जाते.

पहिली गोष्ट, निकालाची. रोमन तत्त्वज्ञ सेनेका इ.स. ४९ मध्ये नीरोचा, म्हणजे पुढच्या रोमन सम्राटाचा, शिक्षक झाला. त्याच्याहून मोठा विद्वान त्या काळी रोममध्ये शोधून सापडला नसता. राज्यकर्त्याने दया का दाखवावी यावर त्याने नीरोला उद्देशून खास ग्रंथ लिहिला. इ.स. ६५ मध्ये त्याच शिष्याच्या हुकुमाने त्याला आत्महत्या करावी लागली. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस स्वतः या शिक्षणाचं सर्वोत्तम फळ, पण त्याचा मुलगा कॉमोडस? त्यालाही चांगल्यातले चांगले शिक्षक दिले होते. आणि लांब कशाला जायचं, द्रोणांच्या एकाच शाळेत युधिष्ठिरही शिकला आणि दुर्योधनही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते, ती दाराची. एकलव्याला त्या शाळेत प्रवेश नव्हता, आणि त्याने स्वतःच्या बळावर विद्या मिळवली तर अंगठा मागितला गेला. आपल्याकडे शतकानुशतकं बहुसंख्य समाज आणि जवळजवळ सगळ्या बायका गुरूच्या ओसरीबाहेर होत्या. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती ही बंद ओसरी पाहूनच. शाळा, वर्ग, फळा, सर्वांना एकच पुस्तक, या गोष्टींना आपण साचेबंद म्हणून नाकं मुरडतो, पण दार उघडलं ते याच साच्याने. जेफरसनचं नाव आलंच आहे म्हणून सांगतो: सर्व माणसं समान असल्याचं लिहिणाऱ्या या शिष्याच्या मालकीत आयुष्यभरात ६०० हून अधिक गुलाम होते.

एक माणूस दुसऱ्या एका माणसाला निवडून घडवतो, ही पद्धत निवडणाऱ्याच्या नजरेइतकीच न्यायी असते. ती नजर बहुतेक वेळा आपल्यासारखाच दिसणारा माणूस निवडते. हा प्रश्न सोडवल्याशिवाय तिचं पुनरुज्जीवन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दीपमाळ

आडवाट, तुमचा दुसरा मुद्दा अगदी रास्त आहे. पण त्याच मुद्द्यावर मला उलट बाजूचीही उदाहरणं आठवतात, ती इथे नोंदवायला हवीत.

१९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराची सभा झाली. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. गुरुजी तिथेच थांबले नाहीत. पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडून मदत मिळावी म्हणून त्यांनी शब्द टाकला. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाकडे एका माणसाचं लक्ष गेलं, आणि नेमकं पुस्तक नेमक्या वयात हातात पडलं. हेही मार्गदर्शकाचंच काम.

आणि ते सयाजीराव स्वतः कसे घडले? जन्म १८६३, कवळाणा गावच्या शेतकरी कुटुंबात, नाव गोपाळराव. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं तेव्हा शिक्षण जवळजवळ शून्य. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याकडे त्यांचं शिक्षण सोपवलं गेलं. दिवाण सर टी. माधवराव राज्य चालवत होते, आणि १८८१ मध्ये, सत्ता हाती येण्याच्या वर्षी, त्यांनी या तरुण राजाला राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. ती पुस्तकरूपाने आजही उपलब्ध आहेत. राजाने खजिना स्वतःचा समजू नये, कायद्याच्या मर्यादेत वागावं, अधिकाऱ्यांवर भरवसा कसा ठेवावा, असले अगदी व्यवहारातले विषय. वर टीपकागद यांनी कौटिल्याचा दाखला दिलाय ना, राज्यकारभार सांगू शकणाऱ्याने आणि केलेल्याने शिकवावा, तो इथे शब्दशः लागू पडतो. त्या मुलाने पुढे १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. म्हणजे एका मुलाला मिळालेल्या शिकवणीतून हजारो मुलांसाठी शाळेचं दार उघडलं. वर्ग आणि गुरू यांना एकमेकांसमोर उभं करण्याची गरज नाही.

बायकांच्या बाबतीत रमाबाई रानड्यांचं नाव घ्यायलाच हवं. लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा ११ वर्षांच्या, अक्षरओळखही नाही. पती माधवराव रानड्यांनी शिकवायला सुरुवात केली. घरातल्या बायकांचा रोष, टोमणे, अबोला हे सगळं त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. तरी शिकणं थांबलं नाही. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं ते त्यांच्या नेतृत्वाखाली. रानड्यांचे शिष्य मोजताना आपण गोखल्यांवर थांबतो, रमाबाईंना पत्नी म्हणून बाजूला ठेवतो. मला ते बरोबर वाटत नाही. त्याच घरात, त्याच माणसाकडून, कितीतरी जास्त विरोध सोसून त्या शिकल्या.

टीपकागद

दीपमाळ, रमाबाईंचा उल्लेख केल्याबद्दल खूप आभार. मूळ लेखात त्यांना जागा असायलाच हवी होती.

आडवाट, निकालाच्या मुद्द्याबद्दल. सेनेका-नीरो मी बराच वेळ डोक्यात घोळवत होते. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने एक बारकावा टिपला आहे. आधीचा सम्राट क्लॉडियस याच्या अंत्यविधीत नीरोने जे भाषण केलं ते सेनेकाने लिहून दिलेलं होतं, आणि रोमच्या जुन्या जाणत्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्याचं वक्तृत्व उसनं घ्यावं लागणारा हा पहिलाच सम्राट. नीरो तेव्हा १६ वर्षांचा. आता हे रानडे-गोखल्यांच्या शेजारी ठेवून बघा. एकीकडे गुरू लिहितोय आणि शिष्य वाचून दाखवतोय. दुसरीकडे शिष्य लिहितोय आणि गुरू तपासतोय. कागद कोणत्या दिशेने जातोय, यावर सगळं अवलंबून आहे असं मला ठामपणे वाटतं. सेनेकाकडे ग्रंथ होते, विद्वत्ता होती, शिष्याशी रोजचा सहवास होता. नीरोवर स्वतःचं वाक्य स्वतः उभं करायची वेळ मात्र आली नाही. आणि सत्ता मिळाली ती शिक्षण पुरं व्हायच्या आधीच.

यावरून सगळंच अपयश उलगडतं असं नाही. कॉमोडसचं उत्तर माझ्याकडे नाही. माणूस कसा निपजेल याची हमी कोणतंच शिक्षण देऊ शकत नाही, पण वाईट शक्यता कमी करता येतात.

द्रोणांच्या शाळेबद्दल मात्र मला वेगळं म्हणायचंय. तिथे काय शिकवलं गेलं? धनुर्विद्या, गदा, अश्वविद्या. कसब. राजधर्माची खरी शिकवण महाभारतात येते ती शांतिपर्वात, युद्ध संपल्यावर, शरशय्येवरच्या भीष्मांकडून. युधिष्ठिर विचारत जातो, भीष्म सांगत जातात. म्हणजे त्या कुळात नेतृत्वाचं शिक्षण सर्वनाशानंतर सुरू झालं. कसबाचं शिक्षण लवकर आणि विवेकाचं उशिरा, हा क्रम आजच्या आपल्या सगळ्या अभ्यासक्रमांतही जसाच्या तसा आहे.

नवी पालवी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझा प्रश्न अगदी साधा आहे. मी नोकरीत नवीन आहे. रानडे, विथ, केळूसकर गुरुजी असा कुणी माझ्या आसपास नाही. वरिष्ठ चांगले आहेत, पण त्यांना स्वतःच्या कामातून मान वर काढायला वेळ नसतो. मग मार्गदर्शक मिळेपर्यंत थांबायचं का? अब्राहम लिंकनबद्दल वाचलं होतं की शाळेत घालवलेला त्याचा सगळा काळ मिळून एक वर्षही भरत नाही, आणि काँग्रेसचा सदस्य झाल्यानंतर त्याने युक्लिडच्या भूमितीची पहिली ६ पुस्तकं स्वतःच्या स्वतः अभ्यासली. म्हणजे एकट्यानेही होतं ना?

पाणवठा

नवी पालवी, तुमच्या प्रश्नावर लिहावंसं वाटलं म्हणून आलो. एरवी वाचनमात्र असतो.

एकट्याने होतं, पण लिंकनसारखी स्वतःवर कठोर नजर फार थोड्यांची असते. आणि मार्गदर्शक थोर असावा लागतो हा समज आधी काढून टाका. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एक वरिष्ठ बाई होत्या. कोणताही निर्णय सुचवायचा तर आधी एक पानी टिपण लिहून आण, असा त्यांचा नियम. टिपण परत यायचं तेव्हा त्यात दुरुस्त्या नसायच्या. समासात बारीक अक्षरात प्रश्न असायचे. "हे कुणाला विचारून लिहिलंस?" "तुझ्या विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा कुठे आहे?" आणि जवळपास प्रत्येक टिपणावर खाली उजव्या कोपऱ्यात: "हे फसलं तर कोण सोसणार?"

हा तिसरा प्रश्न मला आजही प्रत्येक कागदावर दिसतो. काही महिन्यांनी मी टिपण देण्याआधीच त्याचं उत्तर लिहायला लागलो. त्या काही बोलल्या नाहीत, पण नंतर एका अवघड बैठकीचं सूत्रसंचालन त्यांनी मला दिलं. दोन गट हमरीतुमरीवर आलेले. त्या मागच्या रांगेत बसल्या आणि पूर्ण बैठकभर एक शब्द बोलल्या नाहीत. मी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं, त्या वहीत लिहीत होत्या. बैठक संपल्यावर ते वहीचं पान फाडून त्यांनी माझ्या हातात दिलं. कोण किती वेळ बोललं, कुणाला मी मध्येच तोडलं, कोण शेवटपर्यंत गप्प राहिलं, एवढ्याच नोंदी. गप्प राहिलेल्यांची नावं अधोरेखित केलेली.

त्यांनी मला मार्कस ऑरेलियसचं चिंतन वाचायला दिलं होतं. पहिल्या भागात तो ज्यांच्याकडून जे शिकला त्याचं ऋण मानतो. त्यात रस्टिकस आहे. त्याच्याकडून मार्कस बारकाईने वाचायला, वरवरच्या समजुतीवर समाधान न मानायला शिकला. आणि त्याच रस्टिकसने एपिक्टेटसच्या शिकवणीची स्वतःच्या घरातली प्रत त्याला दिली. सम्राट होणाऱ्या माणसाला एका गुलाम राहिलेल्या तत्त्वज्ञाचं पुस्तक. आडवाट यांच्या दाराच्या मुद्द्याशी याचा संबंध आहे. ओसरी बंद असली तरी काही ग्रंथ तिच्या आत बाहेरचा आवाज घेऊन येतात. म्हणून तर निवड काळजीने करायची.

तेव्हा थोर माणूस शोधू नका. तुमचं लिहिलेलं पान प्रामाणिकपणे वाचून त्यावर दोन प्रश्न लिहील असा कुणीही पुढे असलेला माणूस शोधा. "मला मार्गदर्शन करा" अशी विनंती केलीत तर समोरचा बिचकतो, कारण त्याला त्यात केवढी तरी जबाबदारी दिसते. "हे एक पान वाचून समासात प्रश्न लिहाल का?" म्हटलं तर बहुतेक जण हो म्हणतात.

आडवाट

पाणवठा, गप्प राहिलेल्यांची नावं अधोरेखित करणारी ती नोंद अप्रतिम. माझ्या आक्षेपाचं उत्तर कुठून सुरू होतं ते मला त्यात दिसलं.

राहतो प्रश्न प्रमाणाचा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूमने १९८४ मध्ये मांडलेलं अनेकांना माहीत असेल: एकास-एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या सरासरी विद्यार्थ्यापेक्षा दोन प्रमाण विचलनांनी, म्हणजे वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या, पुढे असतो. नंतरच्या अभ्यासांत फरक इतका मोठा आढळला नाही, तरी शिकवणीचा फायदा पुन्हा पुन्हा दिसला आहे. ब्लूमचा खरा प्रश्न होता की प्रत्येकाला स्वतंत्र शिक्षक देणं समाजाला परवडणारं नाही, मग तेवढाच परिणाम गटात कसा साधायचा. आपला प्रश्नही तोच आहे. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा नव्या सदस्यांना ५ वर्षांची उमेदवारी ठेवली, त्यात अभ्यासही आणि देशभर फिरणंही. म्हणजे स्वतःला मिळालेलं त्यांनी संस्थेत बसवून पाहिलं. व्यक्तीवर अवलंबून असलेली गोष्ट व्यवस्थेत आणायचा तो प्रयत्न मला गुरू-शिष्याच्या कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. गटात प्रवेश कुणाला, हे एका माणसाच्या मर्जीवर न ठेवता नियमाने ठरलं, तर मी या कामात मदत करायला तयार आहे.

कानामात्रा

आडवाट, हे वाचून खरंच बरं वाटलं. अनुभवावरून सांगते, एका मार्गदर्शकाला ५-६ जणांपेक्षा जास्त लोकांचे कागद नीट वाचता येत नाहीत. त्यापुढे गेलं की शेरे ठोकळेबाज व्हायला लागतात. आणि सदस्यांनी एकमेकांचे कागदही वाचायचे. दुसऱ्याच्या लिखाणाला योग्य प्रश्न विचारता येणं हेही नेतृत्वाचंच शिक्षण आहे, कदाचित स्वतः लिहिण्यापेक्षा अवघड. तयार सारांश वाचून आलेला माणूस पहिल्या प्रश्नालाच अडतो, त्यामुळे मूळ उतारा वाचणं सक्तीचं ठेवा.

टीपकागद

मग सुरुवात करूयाच. मी ५ जणांचे कागद वाचायची जबाबदारी घेते. कानामात्रा आणि पाणवठा यांनीही एकेक गट घ्यावा अशी आग्रहाची विनंती. प्रवेश नाव नोंदवण्याच्या क्रमाने. शिक्षण, हुद्दा, वय काही विचारायचं नाही. ज्यांना याआधी असा कुणी वाचणारा मिळालेला नाही त्यांच्यासाठी प्रत्येक गटात निम्म्या जागा राखून ठेवू. आडवाट, हे नियम तुम्ही तपासून द्याल का?

पहिला उतारा सभापर्वातला, द्यूतानंतरचा. द्रौपदी विचारते की स्वतःला आधीच हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला नीट उलगडत नाही.  मग कौरवांतला धाकटा विकर्ण उठून बोलतो, आणि कर्ण त्याला पोरकट ठरवून गप्प करतो. त्यानंतर विदुर सभेला बजावतो की प्रश्नाचं उत्तर न देणाऱ्या सभासदांनाही पाप लागतं. लिहायचा प्रश्न: तुम्ही त्या सभेत बसलेले आहात, वयाने आणि मानाने मधल्या फळीतले. विकर्ण बोलून खाली बसलाय. आता तुम्ही काय कराल, आणि त्याची किंमत कोण मोजेल? एक पान, त्याहून जास्त नको.

नवी पालवी

माझं नाव पहिलं लिहा. व्यक्तिगत निरोपही पाठवलाय. एक शंका: विकर्णाच्या बाजूने बोलायचं ठरवलं तर त्याच्या लगेच पाठोपाठ बोलावं की आधी शेजारी बसलेल्या चार जणांना विचारून घ्यावं? त्यात वेळ गेला तर द्रौपदीचं काय, यावर माझं पान अडलंय.

टीपकागद

तिथूनच लिहायला सुरुवात करा.